उथळ पाण्याची होडी

मराठी माणसाच्या नौकानयनाचा इतिहास म्हटला की आपली नजर सह्याद्री उतरून थेट कोकणात जाते. कान्होजी आंग्र्यांची गुराबे आणि गलबते, विजयदुर्गाची गोदी, कोळ्यांचे मचवे आणि पडाव यांवर ग्रंथ आहेत आणि ते असायलाच हवेत. पण घाटावरचा, विशेषतः मराठवाड्यातला माणूसही पाणी ओलांडतो, पाण्यावर पोट भरतो, याची नोंद या इतिहासात जवळजवळ नाही. त्याचे कारण उघड आहे. इथले पाणी उथळ आणि हंगामी. त्यावर चालणारे साधन एका पावसाळ्यापुरते बांधले जाते आणि पुढच्या उन्हाळ्यात चुलीत जाते. ज्याचे अवशेष उरत नाहीत त्याचा इतिहास लिहायचा कशावरून? या लेखात तो धागा पूर्णा नदीच्या काठाकाठाने धरून पाहायचा आहे. त्याचे शेवटचे टोक पाण्याला न शिवणाऱ्या पंख्याच्या होडीपर्यंत जाते.

पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते. भोकरदन-जाफराबादच्या बाजूने खाली येताना ती खेळणा, जुई, गिरजा यांचे पाणी पोटात घेते आणि जिंतूर तालुक्यात येलदरीच्या धरणात अडते. तिथे २२.५ मेगावॉटचे वीजघर आहे. वीज करून सुटलेले पाणी खाली औंढा नागनाथ तालुक्यातल्या सिद्धेश्वर धरणात येते आणि तिथून कालव्यांनी वसमत, परभणी, नांदेडकडच्या शेतांत जाते. दोन्ही धरणे १९६८ सालची. हिंगोली जिल्हा तेव्हा नव्हता, तो १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. येलदरी हे साठ्याचे धरण आणि सिद्धेश्वर हे त्या साठ्यातले पाणी झेलून वाटून देणारे. सिद्धेश्वराचा बांध मातीचा आहे आणि त्याची लांबी सहा किलोमीटरांच्या पुढे आहे.

इतका लांब बांध कशासाठी लागतो हे लक्षात घेतले म्हणजे होडीचा प्रश्न समजतो. कोयना किंवा भंडारदरा यांसारखी धरणे दोन डोंगरांच्या चिंचोळ्या खिंडीत बांधलेली. त्यांचे पाणी खोल, काठ उभे. मराठवाड्याच्या पठारावर तशी खिंड मिळत नाही. पाणी अडवायचे तर लांबच लांब भिंत घालावी लागते आणि अडवलेले पाणी परातीत ओतल्यासारखे पसरते. अशा जलाशयाची पातळी हातभर उतरली तरी काठ कितीतरी मागे सरकतो. उघड्या पडलेल्या जमिनीला आपल्याकडे ‘गाळपेर’ असा नेमका शब्द आहे. तीत पीक घेतले जाते, पुन्हा पाणी आले की ती बुडते, आणि धसकटे, बाभळीचे खुंट, बेशरमाची झुडपे पाण्याखाली तशीच राहतात. त्यांच्या भोवती पाणगवत, शेवाळ, पाणकणीस माजते. हे जमीनही नाही आणि धड पाणीही नाही. चालावे तर मांडीपर्यंत गाळ, पोहावे तर पायाला वेल, आणि इंजिनाची होडी घालावी तर तिचा पंखा दोन मिनिटांत गवताचा भारा होऊन थांबतो. मासे मात्र नेमके याच पट्ट्यात येतात, कारण अंडी घालायला आणि पिलांना लपायला त्यांना अशीच जागा लागते.

पाण्याखालचा पंखा का अडतो? तो मळसूत्रासारखा पाणी मागे ढकलतो आणि त्यासाठी पुढचे पाणी सतत ओढून घेतो. पाण्याबरोबर त्यातले सगळेच ओढले जाते. गवताचा एक दोर दांड्याभोवती गुंडाळला की दुसऱ्याला तो धरायला जागा देतो. शिवाय थंड राहण्यासाठी हे इंजिन बाहेरचे पाणी शोषते. त्या तोंडाशी शेवाळ बसले की इंजिन तापते. गाळात किंवा खुंटावर पाते आपटले तर वेगळाच खर्च. म्हणून उथळ, गवताळ पाण्यात माणसाने हजारो वर्षे एकच साधन वापरले: तळाला टेकवून रेटायची काठी. आणि तरंगायला जे हाती असेल ते.

‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार आपण आता फक्त कल्पनांसाठी वापरतो, परंतु सांगड ही आधी पाण्यावरची वस्तू होती. दोन होड्या, दोन ओंडके किंवा वाळलेल्या भोपळ्यांच्या दोन रांगा एकत्र बांधून केलेला तराफा म्हणजे सांगड. इंग्रजीत ज्याला कॅटामरान म्हणतात तो शब्दही तमिळ ‘कट्टुमरम्’ म्हणजे बांधलेले लाकूड यावरूनच गेलेला. कृष्णा-पंचगंगेच्या काठी पुराच्या दिवसांत गूळ कढवायची काहील पाण्यात सोडून माणसे पैलतीरी नेली जात. काहिलीला ना नाळ ना सुकाणू. ती पाण्यात गरगर फिरते. पण तिचा तळ सपाट असतो, त्यामुळे ती वीतभर पाण्यातही चालते. या दोन्ही साधनांत एक गोष्ट समान आहे. ती नावाड्याची नसून शेतकऱ्याची आहेत. गुऱ्हाळ संपले की काहील रिकामी, तिला दुसरे काम मिळते एवढेच.

याच खोऱ्यात ही कला एका परक्या सेनापतीने कशी वापरली ते पाहण्यासारखे आहे. १८०३ च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेतल्यावर आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, शिंदे-भोसल्यांच्या फौजेच्या मागे निघाला आणि भरलेल्या गोदावरीशी येऊन थांबला. त्याच्याजवळ नावा नव्हत्या. परंतु म्हैसूरच्या लढायांत आणि १८०० साली धोंड्या वाघाच्या पाठलागावर कर्नाटकातल्या नद्या ओलांडताना त्याने टोपलीच्या नावा पाहिल्या होत्या, वापरल्याही होत्या. त्याने सैनिकांकडून लवचिक फांद्यांच्या मोठ्या गोल टोपल्या विणवल्या, त्यांवर बैलांची कातडी ताणून बसवली आणि सगळे सैन्य, तोफा, दारूगोळा पार नेला. महिन्याभराने, २३ सप्टेंबरला, तो असईजवळ पोहोचला. खेळणा आणि जुई यांच्या बेचक्यात शिंद्यांची फौज उभी होती आणि वाटाड्ये म्हणत होते की पुढे उतार नाही. वेलस्लीने पाहिले की नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गावे आहेत. त्यावरून त्याने ताडले की ही गावे एकमेकांकडे जात-येत असणार, तेव्हा उतार असलाच पाहिजे. तो होता, आणि त्यातूनच त्याचे सैन्य पार गेले. असईच्या लढाईची चर्चा तोफांच्या आणि शौर्याच्या अंगाने पुष्कळ झाली आहे. मला तिच्यात पाण्याविषयीची ही साधी अक्कल अधिक मोलाची वाटते. असईचे पाणी पूर्णेला मिळते आणि आज ते सिद्धेश्वरात साठते.

आता एकदम एकशे बारा वर्षे पुढे आणि सुमारे तीन हजार किलोमीटर पश्चिमेला जावे लागेल, कारण उथळ आणि गवताळ पाण्याशी मराठी माणसाची सर्वांत मोठी गाठ तिथे पडली. १९१५ च्या वसंतात इराकमध्ये तैग्रिस आणि युफ्रेटिस यांच्या संगमावरच्या कुर्ना गावी ब्रिटिश हिंदी सैन्य अडकून पडले होते. नद्यांना पूर आला होता आणि सभोवार मैलोन् मैल वेताचे, लव्हाळ्यांचे रान पाण्यात उभे होते. पाणी बहुतेक ठिकाणी गुडघा-कमरेएवढे, पण मध्येच एखादा जुना कालवा किंवा खड्डा लागला की माणूस बुडेल एवढे. म्हणजे चालत जाण्याचा मार्ग बंद. त्या पाण्यातून वर डोकावणाऱ्या टेकाडांवर तुर्कांची ठाणी. हल्ल्याचे काम सहाव्या, म्हणजे पुण्याच्या, डिव्हिजनकडे होते आणि पुढे जाणाऱ्या सतराव्या ब्रिगेडमध्ये १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती.

साधन कोणते? तिथल्या दलदलीत राहणाऱ्या अरबांची ‘बेलम’ नावाची लांब, अरुंद, सपाट बुडाची होडी. ती शेकड्यांनी गोळा केली गेली. पायदळातल्या शिपायांना आठवडेच्या आठवडे ती काठीने रेटायला शिकवले गेले. ज्यांना होडी म्हणजे काय हे नीट ठाऊक नव्हते, अशी दख्खनच्या शेतांतून आलेली पोरे त्यांत असणार. एका बेलममध्ये नऊ-दहा माणसे, त्यांच्या बंदुका आणि काडतुसे. काही बेलमांना गोळ्यांपासून आडोसा म्हणून लोखंडी पत्रे बसवले. ही युक्ती कागदावर चांगली होती. वेताच्या रानात मात्र पत्र्यांच्या होड्या जड झाल्या, लव्हाळ्यांत अडकू लागल्या आणि रेटणाऱ्यांचा जीव मेटाकुटीला आला. साध्या, उघड्या, हलक्या होड्याच पुढे सरकल्या. ३१ मे १९१५ ची ही मोहीम. सेनापती टाउनशेंड याच्या नावावरून इंग्रजांनी तिला गमतीने ‘टाउनशेंडची रिगाटा’, म्हणजे नौकाशर्यत, म्हटले. ती यशस्वी झाली आणि ३ जूनला अमारा हाती आले.

पुढची कथा मात्र गमतीची नाही. हेच डिव्हिजन बगदादच्या वाटेवरून मागे फिरून कुत-अल-अमारा इथे वेढ्यात सापडले. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा तो वेढा चालला आणि १०३, ११० आणि ११७ या तीनही मराठा पलटणी शरणागतीनंतर तुर्कांच्या कैदेत गेल्या. त्यांतले बरेचजण परतले नाहीत. वेढ्यातल्या लोकांना अन्न पोहोचवता आले नाही, याची कारणे अनेक. त्यांत नदी आणि नदीवर चालणारी साधने अपुरी असणे हे एक मोठे कारण होते, हे पुढे चौकशीतही निघाले. मेसोपोटेमियाला पाठवलेल्या कितीतरी आगबोटी त्या पाण्याला खोल पडणाऱ्या होत्या. उथळ पाण्याची होडी हा विषय क्षुल्लक वाटतो, पण या तीन पलटणींच्या नशिबाशी तो बांधलेला होता.

याच आघाडीवर पुढे एक नवीच वस्तू दिसली. फ्रेंच पद्धतीची ‘हायड्रो-ग्लिसर’, म्हणजे पाण्यावरून घसरत जाणारी सपाट नौका, जिच्या मागच्या बाजूला विमानाचा पंखा हवेत फिरत असे. तिचा कर्ता काउंट शार्ल द लांबेर हा राइट बंधूंचा फ्रान्समधला पहिला शिष्य. १९०९ च्या ऑक्टोबरात आयफेल मनोऱ्यावरून विमान नेणारा तोच. ब्रिटिश फौजेने तैग्रिसवर टेहळणीसाठी ही लांबेर नौका वापरली. पाण्याखाली तिचे काहीच नव्हते, त्यामुळे अडकण्यासारखेही काही नव्हते.

ही कल्पना लांबेरच्याही आधीची. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल १९०५ साली कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात विमानाचे पंखे तपासत होता. पंखा किती जोर लावतो हे जमिनीवर मोजणे अवघड, म्हणून त्याने तो एका जोड-होडीवर, म्हणजे सांगडीवरच, उभा केला. तिला ‘अग्ली डकलिंग’, कुरूप बदकपिल्लू, असे नाव पडले. तिचा मूळ हेतू होडी करणे हा नव्हताच; ती पंख्यांची प्रयोगशाळा होती. (आपल्याकडे अशा विषयात ‘वैमानिकशास्त्रा’चा दाखला देण्याचा मोह अनेकांना होतो. त्या पोथीची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ सालीच केली आणि ती विसाव्या शतकाच्या आरंभीची असल्याचे दाखवले. तेव्हा तो रस्ता इथे सोडून देऊ.)

पंख्याच्या होडीला खरे रूप दिले ते शास्त्रज्ञांनी नव्हे. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स या गवताच्या अफाट पाणथळीत १९३० नंतरच्या दशकात बेडूक पकडून विकणारे लोक जुन्या विमानांची इंजिने मिळवून ती पत्र्याच्या किंवा लाकडाच्या सपाट होड्यांवर बसवू लागले. १९४३ मध्ये युटा राज्यातल्या बेअर रिव्हर पक्षी-आश्रयस्थानाच्या कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या कार्यशाळेत अशीच एक होडी केली. तिथल्या दलदलीत बॉट्युलिझम या विषबाधेने बदके मोठ्या संख्येने मरत. ती पडतात त्या जागी माणसाला चालत जाता येत नव्हते आणि साधी होडीही पोहोचत नव्हती. मोडीतले इंजिन, सपाट तळ आणि निकड, एवढ्यावर एक नवे वाहन जन्माला आले. त्याची कुळी काहिलीचीच म्हणायची.

पूर्वेकडे, बंगालमध्ये, याच प्रश्नाला वेगळे उत्तर मिळाले. जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेतली वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेसाठी तिथे आली आणि तिने नद्या-खाड्या अशा भरल्या की १९२१ साली जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि १९३६ मध्ये तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. तिथला नावाडी मात्र समितीवर अवलंबून राहिला नाही. पुढे बांगलादेशात शेतीच्या उथळ कूपनलिकांवर बसवायला स्वस्त डिझेल इंजिने आली, तेव्हा पावसाळ्यात बेकार पडणारे ते इंजिन लोकांनी उचलून होडीवर बसवले. त्या इंजिनालाच तिकडे ‘शॅलो’ म्हणतात. थायलंडमध्ये इंजिनाला लांबच लांब दांडा जोडून पंखा होडीच्या बराच मागे, पृष्ठभागालगत फिरवतात. गवत लागले की नावाडी दांडा वर उचलतो. पंप शेतातून पाण्यावर गेला, ही गोष्ट आपल्याला जवळची वाटायला हवी. किर्लोस्करांच्या तेल-इंजिनाने दख्खनच्या विहिरींवरची मोट थांबवली. ज्या घरी ते इंजिन होते तिथल्या पोराला झडप, नोझल, फ्लायव्हील हे शब्द शाळेबाहेरच येत. मग मराठवाड्यात ते होडीवर का चढले नाही?

याचे एक उत्तर वजनाचे आहे. पाच अश्वशक्तीचे जुने एकसिलिंडरी डिझेल इंजिन शंभर किलोच्या पुढे जाते. चार मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंद सपाट तळाची होडी, दोन माणसे, जाळे, इंजिन मिळून चारशे किलो भरले, तर ती साधारण आठ सेंटिमीटर, म्हणजे चार-पाच बोटे पाण्यात बसते. हे उत्तमच आहे. अडचण पुढे आहे. सव्वा मीटरचा पंखा या पाच अश्वशक्तीवर हवेत फिरवला, तर सगळे नुकसान वजा जाता वीस-पंचवीस किलोचा रेटा मिळेल. तीच शक्ती पाण्याखालच्या वीतभर पंख्याला दिली तर रेटा जवळपास तिप्पट, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन आहे आणि त्याला ढकलताना पाय रोवायला अधिक जागा मिळते. म्हणजे मोकळ्या पाण्यात पंख्याची होडी हा उधळेपणा आहे. तिचे राज्य फक्त तिथे, जिथे पाण्याखालचा पंखा शून्य काम करतो. रेटा वाढवायचा तर एक मार्ग पंखा मोठा करण्याचा: तेवढ्याच शक्तीवर व्यास दुप्पट केला तर रेटा दीडपटीहून थोडा अधिक होतो. दुसरा मार्ग हलके, वेगवान पेट्रोल इंजिन. पाठीवर बांधून उडायच्या पॅरामोटरची इंजिने माणसाला सहज उचलता येतात आणि पन्नास-साठ किलोचा रेटा देतात; ती तेल पितात आणि पैसेही.

या होडीची आणखी काही वळणे बांधणाऱ्याला आधी समजलेली बरी. तिला ब्रेक नाही आणि मागे जाता येत नाही. सुकाणू पाण्यात नसून पंख्याच्या झोतात उभे असते, त्यामुळे इंजिन मंद केले की वळण्याची ताकदही जाते. घाबरून वेग कमी करणारा नेमका धडकतो. इंजिन उंचावर बसल्याने होडी डोलते. जोराच्या वाऱ्यात ती पालापाचोळ्यासारखी सरकते. पंख्याला चारही बाजूंनी जाळीचा पिंजरा हवा. आपल्याकडच्या धोतर, ओढणी, गमछा या वस्त्रांचा विचार करता तो पिंजरा सर्वांत आधी आणि सर्वांत बारीक हवा. आवाज इतका की काठावरचे पक्षी उठतात आणि चालवणाऱ्याचे कान जातात. मासे धरणाऱ्याने रोज ती चालवावी असे मी म्हणणार नाही. बुडणाऱ्याला काढायला, पुरात शेतात अडकलेल्यांपर्यंत जायला, जलपर्णीच्या थराखालचे जाळे सोडवायला तिच्यासारखे दुसरे काही नाही. उसाच्या किंवा सोयाबीनच्या बुडालेल्या रानातून नेहमीची यांत्रिक बोट नेऊन पाहा, मग कळते.

मधल्या काळात आपल्या जलाशयांवर चालते आहे काय? थर्मोकोल. उजनीपासून मराठवाड्यातल्या धरणांपर्यंत भोई आणि इतर मासेमार थर्मोकोलच्या ठोकळ्यांना पोत्यात किंवा जाळीत बांधून त्यावर बसतात आणि हाताने किंवा फळीने वल्हवतात. हीही सांगडच, भोपळ्याच्या जागी टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला भराव आला एवढेच. ती गवतावरून सहज घसरते, फुकटात होते, आणि एका बाजूला भार गेला की उलटते. २०२३ साली गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोरा गावची मुले जायकवाडीच्या फुगवट्यातून थर्मोकोलवर बसून शाळेत जातात, अशी बातमी सगळ्या वर्तमानपत्रांनी छापली. साप जवळ आला तर हाकलायला हातात काठी असते, असे मुलांनी सांगितले होते. काहील, टोपली, बेलम यांच्या रांगेत थर्मोकोल बसतो तो असा. फरक इतकाच की पूर्वीच्या साधनांना निदान कड होती.

कायद्याच्या बाजूनेही चित्र विचित्र आहे. १९१७ चा आगबोटींचा जुना कायदा जाऊन २०२१ मध्ये अंतर्देशीय नौकांचा नवा कायदा आला. त्यात यंत्रावर चालणाऱ्या नौकेची तपासणी आणि नोंदणी लागते, आणि ती लागलीच पाहिजे. घरी बांधलेली पंख्याची होडी या व्याख्येत सरळ बसते. म्हणजे सिद्धेश्वराच्या काठावर वेल्डिंगचे दुकान असलेल्या एखाद्याने हौसेने ती केली तर त्याला सर्वेक्षक शोधत हिंडावे लागेल. थर्मोकोलच्या ठोकळ्यावर बसलेल्या मासेमाराला कोणी काही विचारत नाही, कारण कागदोपत्री तो कोणत्याच नौकेत बसलेला नसतो. येलदरीचे वीजघर चालले की त्याच्या खालचे पाणी वर चढते, कालवे सुटले की उतरते, आणि काल गाळपेर असलेली जागा आज चार बोटे पाण्याखाली गेलेली असते. त्या चार बोटांवर कोणती होडी चालेल, हे अजून तो मासेमारच ठरवतो आहे.